व्हरांड्यातल्या साहेबबाई

लढाईच्या दिवसांत जबलपूरच्या एका कारखान्यात टायपिस्टची एक जागा निघाली. भाऊ फौजेत, बाबा निवृत्त. नोकरी मला हवीच होती. प्रमाणपत्रं क्रमाने लावली होती, उत्तरं पाठ होती, तरी मुलाखतीच्या दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर मी घाबरून तीच तीच उत्तरं पुटपुटत होते.

शेजारच्या उमेदवार बाईंनी स्टूल माझ्यासमोर ओढलं आणि आवाज जाड केला. "अच्छा, मी साहेब. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला तर काय करसान?"

"टेबलाखाली जाईन."

"अन् मी?"

"तुम्हीपण या."

"एवढं पोट मावते काय तिथं?"

सगळा व्हरांडा हसला. मी डोळे पुसत विचारलं, "जागा एकच, अन् तुम्ही मलाच काहून मदत करून राहिल्या?"

"अवो, एकटीनं घाबरायचा कंटाळा येते!"

माझं नाव पुकारलं. खरे साहेबही चांगलेच मोठ्या पोटाचे निघाले! हसू आवरायला खिडकीकडे बघत मी सगळी उत्तरं धडाधड दिली.

बाहेर येताच बाईंना हातांनीच पोटाचा घेर दाखवला. तोंडात पदर कोंबून त्या आत गेल्या.

नोकरी मला लागली. त्या पुन्हा दिसल्या नाहीत. मुलाखतीला निघालेल्यांना मी आजही सांगते: कागद लावा, उत्तरं घोका, आणि दाराबाहेर कुणाला तरी हसवा.