नोंदवहीतलं चार बोटं पाणी

भैंसोरी नदीच्या पुलाखाली पाणी मोजायची एक पट्टी उभी आहे. रोज सकाळी आठ वाजता तिच्यावरचा आकडा वहीत उतरवायचा, एवढंच जयसिंहरावांचं काम. पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले. पुढे फौज राहिली नाही, आणि या घराच्या वाट्याला एक नदी आली. अकरा वर्षांत त्यांनी एक दिवस चुकवला नाही. पुरात कमरेला दोर बांधून, छातीभर पाण्यात उभं राहून त्यांनी पट्टी वाचली आहे.

चूक झाली ती उन्हाळ्यात. वैशाखात भैंसोरी पार आटते, पट्टीच्या बुडाशी चिखल तडकतो. तिथे शून्य लिहायचं. पण जयसिंहरावांच्या घरी धान्याची कोठी कधी झाडून रिकामी करत नाहीत, तळाशी मूठभर दाणे राहू देतात. रिकाम्या कोठीत लक्ष्मी परत येत नाही, ही घराची समजूत. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांचा हात शून्यापाशी अडला. ज्या नदीचं पाणी प्यालो तिच्यापुढे शून्य कसं लिहावं? त्यांनी आठ सेंटिमीटर लिहिलं, चार बोटं पाणी. मग दर उन्हाळ्यात तेवढंच. त्यानं कुणाचं काही बिघडेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

यंदा ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागातल्या एका कचेरीतून बोलावणं आलं. यशश्री नावाची तरुण इंजिनिअर या खोऱ्याचा अभ्यास करत होती. पुढच्या पंचवीस वर्षांत नदीत किती पाणी असेल आणि वाढत्या वस्तीला किती लागेल, याचा अंदाज तिला मांडायचा होता. तिनं चहा मागवला.

"काका, कमाल आहे तुमची. एक भी दिन छूटा नहीं."

जयसिंहराव ताठ बसले. मग तिनं कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावरच्या हिशेबाप्रमाणे काठच्या सात गावांना धरणाच्या पाइपलाइनची गरज नव्हती, म्हणून ती यादीतून वगळली होती. भैंसोरी उन्हाळ्यातही वाहते, तेव्हा नदीपात्रात विहीर घेतली की त्यांचं भागणार होतं. त्या सातांत पहिलंच नाव पिपरोलीचं होतं. त्यांची थोरली बहीण सुधाताई तिथे दिलेली. गेल्या मे महिन्यात तिच्याकडे पाण्याचे दोन कॅन मोटारसायकलला बांधून त्यांनीच नेले होते.

गप्प राहिले असते तर मान राहिला असता. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"बेटा, उन्हाळ्यात तिथे पाणी नसतं."

"पण तुम्हीच तर लिहिलंय."

"लिहिलं मी. पाणी नव्हतं."

मग अडखळत त्यांनी कोठीची गोष्ट सांगितली. आपल्या मुलीहून लहान पोरीपुढे ती सांगताना त्यांचे कान तापले. कधीपासून, असं तिनं विचारलं. पहिल्या उन्हाळ्यापासून, ते म्हणाले. पावसाळ्याचे आकडे मात्र खरे आहेत, असं म्हणून त्यांनी पुरातल्या दोराचं सांगितलं.

यशश्रीनं चष्मा काढून उगाच पुसला. "मला पटतंय काका. पण यातलं कोणतं खरं, हे मी वर कसं दाखवू?"

तिनं अकरा वर्षांचे सगळे आकडे काढून टाकले, पुराचेसुद्धा. सात गावं पुन्हा पाइपलाइनच्या यादीत गेली. भैंसोरीपुढे तिनं लिहिलं: नोंदी विश्वासार्ह नाहीत. तो कागद छापून घेऊन तिनं सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला. जयसिंहरावांनी तो एकदा वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि खाली पूर्ण नावानं सही केली.