ताईंचं गप्प बसणं

आमच्या समुपदेशन केंद्रात ताईंचं गप्प बसणं प्रसिद्ध होतं. रुसलेलं, घुम्मं मूल समोर आलं की त्या दार लावायच्या, खुर्ची जराशी तिरकी करायच्या आणि नुसत्या थांबायच्या. कधी पाच मिनिटं, कधी दहा. कोपऱ्यात नोंदी घेताना मलाच अवघडायला व्हायचं. पण शेवटी मूल बोलायचंच. वीस वर्षं त्यांनी याच जोरावर काढली.

मग साथ आली, केंद्राला कुलूप लागलं आणि ताईंच्या हाती फोन आला. घरात सासूबाईंचा टीव्ही आणि नवऱ्याच्या मीटिंगा, म्हणून त्या खाली उभ्या केलेल्या गाडीत काचा बंद करून बसायच्या. मीही माझ्या घरून त्याच कॉलवर असायचे, मुलांना सांगूनच.

त्यात ती सोळा वर्षांची मुलगी होती. आदल्या वर्षी तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला होता. त्या दिवशी सकाळी अकराला ती म्हणाली, "ताई, एक सांगायचंय."

ताई सवयीनं गप्प राहिल्या. मीही. अर्धं मिनिट गेलं, आणि फोन कट झाला. परत लावला तर बंद.

"तिला माझा चेहरा दिसत नव्हता गं," ताई म्हणाल्या. मी त्यांच्यावर मनातून चिडले, खोटं कशाला सांगू. त्याहून जास्त स्वतःवर.

मला लाइनवर ठेवूनच त्यांनी तिच्या वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, दार आतून लावलंय, झोपली असेल, उठल्यावर करायला सांगतो.

"आत्ता दार वाजवा," ताई म्हणाल्या. "आणि फोन हातातच ठेवा."

चपलांचा आवाज आला. दारावर थाप पडली. पुन्हा पडली. वडिलांचा आवाज चढला, मग कापायला लागला. शेवटी कडी निघाली.

"तुम्ही फोन ठेवलात ना?" वडिलांच्या फोनवर मुलीनं विचारलं.

"नाही गं. मी होते. बोलायला हवं होतं, चुकलं माझं."

ती रडायला लागली. या वेळी ताई गप्प बसल्या नाहीत. हं, ऐकतेय, आहे मी, असं काहीबाही एकसारखं बोलत राहिल्या.

वडील तिच्या शेजारीच उभे होते. तरी ती फोनवर ताईंनाच म्हणाली, "बाबांना सांगा, माझ्या उशीखालच्या गोळ्या घेऊन जा म्हणावं."