अर्धी थप्पी

कारखान्यात तिला सगळे कटरबाई म्हणत. टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरून झाले, की विजेची कात्री तिच्याच हातात. तिचा दंडक एकच. कापायला घेतलेली थप्पी अर्धवट सोडायची नाही. मधेच हात काढला की थर सरकतात, बाह्या लहानमोठ्या निघतात.

गेल्या वर्षी तिचे पाय सुजले, मग चेहरा. मूत्रपिंडं झपाट्याने बिघडत होती. त्याच कारखान्यात शिलाईला असलेली तिची थोरली बहीण टॉनिकच्या बाटल्या घेऊन मागे लागली. "तुझ्या अंगात प्रतिकारशक्तीच उरली नाही."

डॉक्टरीणबाईंनी उलटंच सांगितलं. रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं असतात. जंतू दिसला की ती त्याला चिकटतात, भोकं पाडतात, पांढऱ्या पेशींना हाका मारतात. एकाने दुसऱ्याला जागं करायचं, अशी साखळीच. तिला आवरणारे लगामही शरीरातच असतात. कटरबाईचा एक लगाम जन्मापासून ढिला होता. त्यामुळे जंतू नसतानाही ही प्रथिनं मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर तुटून पडत होती. तिथे सूज, मग गुठळ्या.

"म्हणजे माझाच पहारेकरी माझं घर फोडतोय," कटरबाई म्हणाली. "आणि ताई, तू त्याला टॉनिक पाजतेयस."

ताईने बाटली पिशवीत घातली.

साखळीतला एक दुवा अडवणारं इंजेक्शन सुरू झालं. सूज उतरली, तपासण्या सुधारल्या. पण मेंदूज्वराच्या एका जंतूला रोखायला नेमका तोच दुवा लागतो. लस दिली होती, तरी ती पुरेल याची खात्री नव्हती. ताप आला की असाल तिथून थेट दवाखान्यात निघायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

ताप आला तो भर दुपारी, थप्पी अर्धी कापून झाल्यावर. आधी दात वाजले. मग मान अवघडली.

"एवढी संपव," ताई म्हणाली. "गोळी घे. संध्याकाळी जाऊ."

कटरबाईने कात्री बंद केली. तिचा हात क्षणभर कापडावरच राहिला.

"काय झालं, बाई?" मुकादमाने विचारलं. "थप्पी अर्धी राहिली की."

"राहू दे. रिक्षा बोलवा."

दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने बाकाकडे बोट दाखवलं. "नंबर आला की बोलावतो."

तिने डॉक्टरीणबाईंनी दिलेलं पर्समधलं कार्ड खिडकीत ठेवलं. "माझी कॉम्प्लिमेंट औषधाने बंद केलीय. मला ताप आहे. मी बाकावर बसणार नाही. आत्ता डॉक्टरांना बोलवा."

आवाज चढला नव्हता. माणूस मात्र उठला.

सलाईनमधून अँटिबायोटिक चढू लागलं. ताई उशाशी बसली.

"मुकादमाशी कधी असं बोलली नाहीस गं."

"त्याने कधी मला मरायला बाकावर बसवलं नव्हतं."

जंतू तोच निघाला. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर काही सांगता आलं नसतं. ताईने बहिणीच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं, मग पुन्हा केलं.