काळ्या साड्यांची गोणी

ऑनलाइन मागवून परत पाठवलेले कपडे गोणीने विकणारं एक गोदाम वसईजवळ गोखिवऱ्यात आहे. गोणी उघडून बघायची नाही, उचलायची आणि चालू पडायचं, हा तिथला नियम. रथसप्तमी उलटल्यावर तिथून साड्यांची एक गोणी मला इतक्या स्वस्तात मिळाली, की आचोळ्यापर्यंत रिक्षात मी स्वतःवरच खूश होते.

घरी शिवण उसवली. पहिली साडी काळी, दुसरी काळी, तळापर्यंत सगळ्या काळ्याच. एकीच्या घडीतून हलव्याचा दाणा पडला, दुसरीच्या पदराला कुंकवाचं बोट. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बायकांनी संक्रांतीचं हळदीकुंकू या साड्यांवर उरकलं होतं आणि रंग आवडला नाही म्हणून त्या परत पाठवल्या होत्या. काळी साडी मागवून वर रंग आवडला नाही म्हणायचं, याला छाती लागते.

सासूबाईंनी आधी देव्हाऱ्याचा पडदा ओढला. "आता वर्षभर हे कोण नेसणार? पाडव्याला गुढी उभारताना घरात एक काळं सूत दिसलं, तर तुझा धंदा बंद. सांगून ठेवते."

धंदा म्हणजे हॉलचा एक कोपरा आणि बिल्डिंगमधल्या बायका. पण तो माझा होता. बंद झाला असता तर मी रडले असते.

त्यात मोजताना गोणीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा एक साडी कमी भरली. गोदामवाल्याला फोनवर धू धू धुतला. "मॅडम, हमने गोनी को हाथ भी नहीं लगाया," एवढंच तो म्हणत राहिला.

बिल्डिंगमध्ये कुणी साडीला शिवेना. ऐन लग्नसराईत काळं कोण घेणार? शेजारणीने पडदे शिवायला सुचवलं. तिच्याशी मी बोलणंच टाकलं.

शेवटी तुळिंजच्या बाजारात माझ्या नेहमीच्या केळीवालीपुढे मी रडगाणं गायले. ती वसईकडच्या गावातली, ख्रिस्ती. ती हसायलाच लागली. "अगं, आमचा उपासकाळ चालू आहे. गुड फ्रायडेला आम्ही काळंच नेसतो. रविवारी मिस्सा झाली की बायकांना घेऊन येते. मला एक ठेव मात्र."

रविवारी हॉल भरला. चहा सासूबाईंनीच केला. वर "पदर बघा किती भरलाय" म्हणत साड्या उलगडून दाखवायलाही त्याच पुढे. दुपारपर्यंत गोणी रिकामी झाली, आणि मग केळीवालीने विचारलं, "माझी कुठाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्यामुळे माझा धंदा वाचला, तिलाच रिकाम्या हाताने पाठवायचं?

सासूबाई आत गेल्या. कपाटातल्या गोधड्यांखालून त्यांनी एक काळी साडी काढून आणली. जरीचे बारीक काठ, सगळ्या गोणीतली सर्वात देखणी. केळीवालीच्या हातात ती ठेवून त्या म्हणाल्या, "घे गं. संक्रांत काय, दरवर्षी येते."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"बघतेस काय? पुढच्या वर्षी गोणी आणलीस की आधी मला बघू दे."