हळदीला गेलेलं जातं

तुम्ही तिकडच्या संग्रहालयात काढलेला, काचेआडच्या जात्याचा फोटो आला आणि सकाळपासून मला स्वस्थ बसवेना.

पन्नासच्या दशकात अंबरनाथला आम्ही शिक्षकांनी शाळेच्या एका खोलीत संग्रहालय मांडलं होतं. वस्तू गावोगावच्या लोकांनी वर्षभरासाठी दिलेल्या. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर पाहायला येणार होते. त्यांना पसंत पडलं नाही तर खोली जाणार होती. त्या दुपारी चामटोलीच्या हिरूबाई दोन भावांना घेऊन आल्या आणि मधोमध ठेवलेलं आपलं जातं उचलू लागल्या.

"हिरूबाई, वर्षाचं ठरलं होतं ना?"

"पोरीचा लगीन हाय, बाय. हलद घरच्याच जात्यावं दलायला नको?"

"मग उद्या मी हेडमास्तरांना काय दाखवू?"

"त्यांना बी घेऊन ये हलदीला. फिरताना बघतील. हितं नुसतं गप बसलंय."

भाऊ हसले. जातं घेऊन त्यांची बैलगाडी निघून गेली. मी बाकीच्या वस्तू सरकवून जागा भरली, पुन्हा रिकामी केली, पुन्हा भरली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर त्याच जागेसमोर थांबले. "इथे काय होतं?"

"जातं. ते हळदीला गेलंय."

ते मग म्हणाले, "परत आलं की सांगा. खोली असू द्या तुमच्याकडे."

तेव्हा मला वाटलं, थोडक्यात निभावलं. आज वाटतं, मी चामटोलीला जायला हवं होतं. खोलीची काळजी करत मी तिथेच बसून राहिले, आणि ते जातं फिरताना कधी पाहिलंच नाही.