डाव्या पायाची ओली पावलं

उतारा, करणी, बाधा... यांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवते. तिठ्यावर कुणी उतरून टाकलेला नारळ दिसला की मुलं वळसा घालायची, आणि मी मुद्दाम तो ओलांडून दाखवायचे. आता मात्र मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

मी दहिवलीला राहते. माझा डावा खुबा अकरा वर्षं ठणकत होता, चालताना पाय फरफटायचा. गोळ्या, शेक, तेलं सगळं झालं. शेवटी डॉक्टर म्हणाले, पोहा, पाण्यात सांध्यावर भार येत नाही. खालापूरच्या अलीकडे मावसभावाचं फार्महाऊस आहे, तिथे छोटा स्विमिंग पूल. देखरेखीला जवळच्याच गावातली संगीता. रोज सकाळी सातला हे मला गाडीने सोडायचे. तीन महिन्यांत मी बऱ्यापैकी पोहायला लागले. पाण्यात असेपर्यंत दुखणं गायब, बाहेर आलं की हजर.

मार्चमधली गोष्ट. मी पाण्यातच होते... आणि काठावरच्या कोरड्या फरशीवर एक ओलं पाऊल उमटलं. मग दुसरं. उजवं नीट, डावं फरफटलेलं — माझंच. पावलं फाटकाकडे निघाली. समोरून संगीता झाडू घेऊन आली आणि ती ओलांडून सरळ माझ्यापाशी आली.

"ताई, फरशी वली कशानं झाली? तुमी तर पाण्यात हाय."

मी पायऱ्यांकडे वळले. बाहेर आले तर खुबा दुखत नव्हता. अजिबात नाही. घरी जाऊन मी दोनदा जिना चढले आणि येड्यासारखी हसत सुटले.

चौथ्या दिवशी संगीता डावा पाय ओढत चालत होती. डॉक्टरांकडे मीच नेलं. एक्स-रेमध्ये काही नाही, ओझी उचलून होतं असं, म्हणाले. असेलही. पण तिची सासू म्हणाली, "कुणाचं तरी वलांडलं हाय तिनं." मला संगीताकडे बघवेना.

मग मी संगीतालाही पाण्यात उतरवलं, रोज हात धरून पोहायला शिकवलं. मनाशी पक्कं केलं होतं की पावलं पुन्हा उमटली तर आपण ओलांडायची. माझं होतं ते, मीच परत घ्यायचं. तिचं पोट हातापायांवर आहे, मला शाळेत बसायला खुर्ची तरी आहे.

परवा ती पावलं उमटली. संगीता पाण्यात, मी काठावर. उजवं... फरफटलेलं डावं... माझ्यासमोर येऊन थांबली. फक्त एक पाय उचलायचा होता. मी मागे सरले, पाठ भिंतीला टेकेपर्यंत. बघता बघता उन्हाने फरशी वाळली.

संगीता लंगडत पायऱ्या चढून वर आली. "ताई, पाण्यात लय बरं वाटतं बघा," ती म्हणाली, "भायेर आलं की परत तेच."

मी तिला टॉवेल दिला.

ती पावलं कशी उमटली, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा. मी मागे का सरले, ते मात्र विचारू नका.