डाव्या अंगठ्याची निवड
रिमोटचे सेल बदलताना बोटांना रिमोटवरच्या मालिशच्या तेलाचा वास लागला आणि ती दुपार आठवली. अर्धांगवायूनंतर तुमचे आजोबा दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात लुळा होता आणि डावा थरथरत होता. टीव्हीला जोडलेल्या जुन्या कॉम्प्युटरसाठी त्यांच्या भाचीने लिनक्सवर चालणारी दोन मीडिया सेंटरं, म्हणजे टीव्हीवर फोटो-व्हिडिओ दाखवणारे प्रोग्राम, पेनड्राइव्हवर आणली होती. त्यांतलं एक निवडायचं होतं. मला पहिलं आवडलं, कारण त्यात सगळं कसं कप्प्याकप्प्यांत लावलेलं होतं. आजोबा मात्र त्या बारीक चौकटींत हरवले आणि त्यांनी रिमोट गादीवर आपटला. "दुसरंही नाई जमलं तं टीव्ही उचलून नेजो," ते भाचीला म्हणाले. चमचा आणि पेपर त्यांनी असेच कायमचे सोडले होते. भाचीने दुसरं लावलं. दुसऱ्यात मोठ्या अक्षरांच्या मोजक्याच ओळी होत्या. आजोबांचा डावा अंगठा रिमोटवर सरकला, पण निवड एक ओळ पुढे गेली. मी हात पुढे केला, तशी भाची ओरडली, "मामी, मधात नका येऊ! मामाजी, दाबा तुम्ही." अंगठा वरच्या बटणावर गेला, ओळ मागे आली, आणि मधलं बटण दाबलं गेलं. पडद्यावर तुम्ही पाठवलेला व्हिडिओ लागला, त्यात तुम्ही दोघं नातवंडं बर्फात घसरून पडलात, आणि आजोबांनी तुम्हाला संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा पाडलं. आताही आतून त्यांची हाक येते आहे, "अवो, टाकले का सेल? आण इकडं."